जुनं विनोदी नाटक आज उभं करताना: संहितेपासून दहाव्या प्रयोगापर्यंत

जुनं मराठी विनोदी नाटक पुन्हा करायचं ठरलं की पहिल्याच वाचनाला दोन सूचना हमखास येतात. "भाषा जरा आजची करू" आणि "मधे मधे आजचे पंच टाकू." दोन्ही सूचना कामाला चुकीच्या टोकाकडून हात घालतात. विनोदी नाटक चालतं ते पात्रांच्या भीतीवर. नवऱ्याला बायकोच्या संशयाची भीती, भाच्याला मामा पैसे बंद करेल याची, बिऱ्हाडकरूला मालकाची, अब्रूदार माणसाला चारचौघांची. ही भीती प्रेक्षकाला पटली असेल तर बाहेरून दार वाजल्यावर नुसतं "कोण आहे?" म्हटलं तरी नाट्यगृह हसतं. पटली नसेल तर कितीही चुरचुरीत वाक्यं घाला, हशा सुटा सुटा येतो आणि दुसऱ्या अंकात प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो. म्हणून रूपांतराचं खरं काम एवढंच आहे: मूळ नाटकातली भीती शोधायची, ती आज लागू आहे का ते तपासायचं आणि नसेल तर तिच्या तोलाची दुसरी भीती उभी करायची. भाषा, काळ, नेपथ्य, काटछाट हे सगळं त्यानंतर.

हक्क आधी, लेखणी नंतर

संहितेला हात लावण्यापूर्वी ती कुणाच्या मालकीची आहे ते पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, राम गणेश गडकरी १९१९ मध्ये, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये. त्यांची नाटकं मोकळी आहेत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या नाटकांचे हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत चालू आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले; तिथे २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल किंवा परवानगी घ्यावी लागेल.

प्रयोगाची परवानगी आणि बदल करून प्रयोग करण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात स्पष्ट लिहून घ्या: काटछाट किती, पात्रं एकत्र करता येतील का, काळ बदलता येईल का, शेवट बदलता येईल का, पदं गाळता येतील का, चित्रीकरणाचं काय. लेखकाने हक्क विकले असले तरी संहितेची मोडतोड झाल्यास आक्षेप घेण्याचा त्याचा अधिकार कायदा वेगळा मानतो, आणि त्याच्या पश्चात वारसही तो बजावू शकतात. परकीय नाटकावरून काम करत असाल तर आणखी एक खबरदारी: फ्रेंच नाटककार मोलिएर मोकळा असला तरी त्याचा तुमच्या हातातला मराठी अनुवाद मोकळा असेलच असं नाही.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. रूपांतरित संहिता वेगळी दाखल करा. मूळ नाटकाच्या जुन्या प्रमाणपत्रावर विसंबून राहू नका.

घड्याळ लावून वाचन

देवल-गडकऱ्यांच्या काळातलं पाच अंकी संगीत नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. आज नाट्यगृह ठरावीक सत्रासाठी मिळतं, त्यातच नेपथ्य लावायचं आणि उतरवायचंही असतं. दोन अंक, एक मध्यंतर आणि निव्वळ दोन तास हे माप धरा. पहिला अंक ६५ ते ७० मिनिटांचा, दुसरा ५० ते ५५ मिनिटांचा. दुसरा अंक लांबला तर विनोदी नाटक हमखास बसतं, कारण तोवर सगळे गोंधळ प्रेक्षकाला कळलेले असतात आणि तो उलगड्याची वाट पाहत असतो.

संवाद मिनिटाला १२० ते १४० शब्दांनी जातात असा हिशेब ठेवा. हशे, एंट्र्या, झटापटी यांसाठी १५ ते २० टक्के वेळ वाढवा. म्हणजे दोन तासांच्या नाटकाची संहिता १२ ते १४ हजार शब्दांत बसली पाहिजे. मूळ संहिता २५ हजारांची असेल तर जवळजवळ निम्मी जाणार, हे पहिल्या दिवशीच मान्य करा. रोज थोडं थोडं छाटत बसलं की आधी सगळे छोटे विनोद जातात आणि मोठे कंटाळवाणे प्रवेश तसेच उरतात.

पहिलं वाचन एकाच माणसाने, अभिनय न करता, सलग करावं. प्रत्येक प्रवेशाची वेळ समासात लिहा. याच वाचनात चार रंगांच्या पेन्सिली वापरा: प्रसंगातून येणारा हशा, स्वभावातून येणारा, शब्दांवरचा, आणि त्या काळातल्या बातम्या, माणसं, फॅशन यांवरचा. रंगवलेली संहिता दुरून पाहिली तरी नाटकाची प्रकृती कळते. पहिले दोन रंग भरपूर असतील तर नाटक आज उभं राहील. तिसरा रंग जास्त असेल तर काम दुप्पट आहे, कारण कोट्या एकेक करून पारखाव्या लागतात. चौथा रंग जवळजवळ पूर्ण काढायचा असतो.

भीतीची वही

आता प्रत्येक पात्रासाठी एक पान घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. याला काय लपवायचं आहे? कुणापासून? आणि उघडं पडलं तर हा नेमकं काय गमावेल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि जुनी नाटकं तिथेच सैल पडतात. लिहिली गेली तेव्हा त्याचं उत्तर प्रेक्षकाला ठाऊकच असायचं, त्यामुळे लेखकाने ते संहितेत लिहिलंच नाही. "वडिलांना कळलं तर?" एवढं म्हटलं की पुरत होतं. आजचा प्रेक्षक मनात विचारतो, "कळलं तर कळलं, पुढे काय?" मग पुढे काय ते तुम्हाला नाटकात आणावं लागतं, आणि तेही पहिल्या दहा मिनिटांत. घर वडिलांच्या नावावर आहे, दुकानाची किल्ली त्यांच्या कमरेला आहे, मुलगा गेली दोन वर्षं त्यांच्याच पैशांवर परीक्षा देतो आहे. असं काहीतरी ठोस, डोळ्यांना दिसणारं. भीती भाषणातून सांगू नका. किल्लीचा जुडगा टेबलावर आपटलेला दिसला की काम होतं.

काळ कुठला ठेवायचा

मूळ काळ ठेवला तर फोन, कायदे, रीतिरिवाज यांची भानगड उरत नाही. पण वेशभूषा-नेपथ्याचा खर्च वाढतो आणि प्रेक्षक सगळं लांबून, गंमत म्हणून बघतो. पूर्ण आजचं केलं तर प्रेक्षक जवळ येतो. पण गोंधळाची निम्मी कारणं गळून पडतात.

मधला एक मार्ग पुष्कळदा सगळ्यात चांगला ठरतो. नाटक १९७० ते १९८५ च्या दरम्यान आणून ठेवा. मोबाइल नाही. फोन आहे, पण शेजाऱ्यांकडे, पी.पी. नंबरवर. निरोप तिसऱ्याच माणसाच्या तोंडून येतो, अर्धवट येतो, आणि शेजारीण तो ऐकून घरात चहाला थांबते. चाळ आहे, दारं उघडी आहेत, आणि प्रेक्षकांतल्या निम्म्यांनी ते जग पाहिलेलं किंवा आईवडिलांकडून ऐकलेलं आहे. इटालियन नाटककार गोल्डोनीच्या अठराव्या शतकातल्या दोन मालकांच्या नोकराची गोष्ट रिचर्ड बीन यांनी २०११ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आणली, तेव्हा त्यांनीही ती थेट आजच्या काळात न आणता १९६३ च्या ब्रायटनमध्ये बसवली. माणसं सहज लपू शकतात, खोटं नाव घेऊन राहू शकतात, असा तो काळ.

काळ एकदा ठरला की तो पहिल्या दोन मिनिटांत डोळ्यांना दाखवा, कानांना ऐकवा आणि मग पुन्हा त्याचा उल्लेख करू नका. "हल्लीच्या या बहात्तर सालात" असं कुणी बोलत नाही.

तसबीर: एका वस्तूचं जवळून परीक्षण

एक वस्तू घेऊन पाहू. देवलांच्या 'संशयकल्लोळ'चा सगळा डोलारा एका तसबिरीवर उभा आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते लांबून पाहते. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. नवराबायको दोघंही एकाच वेळी संशयात, दोघंही चूक, आणि दोघांकडेही डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. हा सांगाडा मोलिएरच्या १६६० च्या नाटकातला आहे. आर्थर मर्फीने तो १७६१ मध्ये इंग्रजीत नेला आणि तिथून देवलांनी मराठीत आणला. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने त्याचा संगीत अवतार रंगमंचावर आणला. देश बदलले, नाती बदलली, नावं बदलली. देवलांनी तर पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली. तसबीर मात्र तिन्ही ठिकाणी कायम राहिली.

आता हे आजचं करताना पहिली कल्पना सुचते ती फोनची. तसबिरीच्या जागी फोन पडला, त्यावर फोटो आहे. हे करून पाहिलं तर प्रवेश कोसळतो, आणि का कोसळतो ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. तसबीर एकमेव असते. ती कुणीतरी मुद्दाम दिलेली असते, म्हणजे तिच्यात प्रेमाची कबुली असते. फोनमध्ये शेकडो फोटो, त्यातला एक म्हणजे काहीच नाही. तसबीर मुकी असते, मालकाचं नाव सांगत नाही. फोन वाजतो आणि मिनिटभरात खरा मालक कळतो. तसबीर हातात घेऊन निरखता येते आणि हे निरखणं दुरून, शेवटच्या रांगेतूनही दिसतं. फोन निरखणारी बाई काय बघते आहे ते कुणालाच कळत नाही.

म्हणजे पर्यायी वस्तूला चार अटी: एकमेव, भेट म्हणून दिलेली, मालकाबद्दल गप्प, आणि शेवटच्या रांगेतून ओळखू येणारी. या अटींवर पारखलं की चांगले पर्याय सुचतात: स्टुडिओत काढलेला, मागे दोन ओळी लिहिलेला फोटो, नक्षीदार अंगठीची उघडी डबी, रंगाने ठळक असा पुरुषी मफलर. प्रत्येक जुन्या नाटकातल्या कळीच्या वस्तूची अशी अटींची यादी करा. वस्तू बदलली तरी चालेल, अट सुटता कामा नये.

तार गेली, फोन आला

जुन्या फार्समधला, म्हणजे गैरसमज आणि धावपळीवर चालणाऱ्या विनोदी नाटकातला, दुसरा आधारस्तंभ म्हणजे तार. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; विशीतल्या प्रेक्षकाला तार आली म्हणजे काळजात धस्स का व्हायचं हे समजावून सांगावं लागतं. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून मजकूर तोकडा, आणि तोकड्या मजकुराचे दोन अर्थ. समजा तारेत इतकंच आहे: "मामा गेले. लगेच या." मामा वारले की मामा घरून निघाले? ही कोटी मराठीच्या स्वभावातच आहे, म्हणून आजही ती जशीच्या तशी चालते. अडचण कोटीची नाही. आजचा भाचा तीस सेकंदांत फोन करून विचारेल, ही अडचण आहे.

बॅटरी संपली, रेंज नाही, फोन पाण्यात पडला हे उपाय एका नाटकात एकदाच चालतात, आणि तेही गरज पडण्याच्या किमान वीस मिनिटं आधी पेरलेले असले तरच. ऐनवेळी रेंज गेली की प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसतो. खरा उपाय भीतीच्या वहीत सापडतो. भाचा फोन करत नाही, कारण त्याने मामांना आपण नोकरीनिमित्त दिल्लीत आहोत असं सांगितलं आहे, आणि खिडकीखाली भाजीवाला मराठीत ओरडतो आहे. आता फोन हातात आहे, चार्ज आहे, रेंज आहे, आणि तरी त्याला तो लावता येत नाही. तो खिडकी लावतो, पंखा बंद करतो, उशी तोंडावर धरतो, नंबर दाबतो, तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी "अहो कुलकर्णी" म्हणून हाक मारतं. त्याचंच खोटं त्याला फोन करू देत नाही. तार काढून आपण काही गमावलं नाही, उलट एक प्रवेश कमावला.

काटछाट: ओळी नव्हे, धागे

प्रत्येक मोठ्या हशाची पेरणी कुठे आहे ते शोधून दोन्ही जागांना एकच क्रमांक द्या. ७ क्रमांकाचा हशा तिसऱ्या प्रवेशात येतो, पेरणी पहिल्या प्रवेशातल्या एका निरुपद्रवी वाक्यात असते. काटछाट करताना सगळ्यात आधी जातं ते हेच निरुपद्रवी वाक्य, आणि मग तालमीत सगळे विचारत बसतात की छापील संहितेत हसू येतं ते इथे का येत नाही. तीनदा येणारी गोष्ट असेल तर मधली कधीच काढू नका. पहिली ओळख करून देते, दुसरी सवय लावते, तिसरीला सवय मोडते. वेळ नसेल तर तिन्ही काढा.

उपकथानक पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. जुन्या नाटकांतली दुय्यम प्रेमी जोडी बहुतेकदा पूर्ण निघते आणि कुणाला चुकचुकल्यासारखं होत नाही.

पात्रं एकत्र करण्याआधी एक तक्ता करा: आडवे प्रवेश, उभी पात्रं, आणि ज्या प्रवेशात जे पात्र आहे तिथे फुली. जी दोन पात्रं कधीच एकत्र येत नाहीत ती एका नटाला करता येतात; पण दोघांच्या एंट्रीत कपडे बदलायला किमान दीड-दोन मिनिटं हवीत. एक पात्र दुसऱ्यापासून काही लपवत असेल, तर ती दोन पात्रं एकत्र करू नका. दिसायला ते सोपं वाटतं, पण त्यात नाटकातली एक भीती नाहीशी होते.

संगीत नाटकाच्या पदांबाबत निकष कडक ठेवा. पद संपल्यावर पात्राचा निर्णय किंवा मनःस्थिती बदलली असेल तर पद राहील. तीस पदांतली आठ ते बारा उरतील. ती तीन मिनिटांच्या आत ठेवा आणि विनोदी प्रवेशाच्या ऐन भरात एकही नको, कारण पदाच्या टाळ्यांनंतर हशाची लय पुन्हा शून्यापासून बांधावी लागते.

भाषा

इथे मोह फार होतो, म्हणून थोडं सविस्तर. जुनी भाषा प्रेक्षकाला कळत नाही हा समज चुकीचा आहे. "करावयाचे", "आहां", "नाहींत" ही रूपं बदला, कारण ती जिभेला अडतात. पण ठेवणीतले शब्द, शेलक्या शिव्या, म्हणी ठेवा. अर्थ प्रसंगातून कळतो आणि शब्दाचा नाद हशा आणतो. एखादा शब्द न कळल्याने प्रसंगच समजत नसेल तर मात्र बदला.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि तिथेच विनोद मरतो. हशाचा शब्द शेवटी हवा. "काल रात्री माळ्यावर जे कुणी घोरत होतं त्या तुमच्या सासूबाई होत्या असं मला वाटतं" या वाक्यात सासूबाई मध्येच येतात आणि पुढचे शब्द हशावर पडतात. तेच असं तोडा: "काल रात्री माळ्यावर कुणीतरी घोरत होतं. घोरणं ओळखीचं होतं. सासूबाईंचं." संपूर्ण संहितेत हशाच्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तपासा. शेपटीला "आहे", "होतं", "असं वाटतं", "बरं का" लोंबत असेल तर कापा. एका दिवसाचं काम आहे आणि त्याचा परिणाम नव्या शंभर विनोदांपेक्षा जास्त होतो.

संबोधनांकडे विशेष लक्ष द्या. जुन्या नाटकात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. "इकडून सांगणं झालं", "स्वारी बाहेर गेलीय" अशी ती बोलते, आणि या बिननावाच्या बोलण्यातून कितीतरी गैरसमज उभे राहतात. ऐकणारा "स्वारी" म्हणजे भलत्यालाच समजतो. आजच्या अवतारात तिने "समीर" म्हटलं की तो गैरसमज तिथेच संपला. काळ बदलण्याआधी असे बिननावाचे प्रवेश मोजा. तीनापेक्षा जास्त असतील तर मूळ काळ सोडू नका.

पैशाचे आकडे नाटकात ठेवू नका. "पाचशे रुपयांचं कर्ज" म्हटल्यावर प्रेक्षक आकड्याच्या लहानपणाला हसतो, आणि नायकाची भीती खोटी ठरते. "सहा महिन्यांचा पगार" म्हणा. हे कुठल्याही काळात कळतं.

आता न हसू येणारा विनोद

तोतरेपणा, काळा रंग, जाडी, विधवा, हुंडा, बायकोला दिलेली थप्पड, खेडवळ बोलीतला बावळट गडी. जुन्या विनोदी नाटकांत हे सगळं आहे, आणि लपवून उपयोग नाही. पारख अशी करा: ते वैशिष्ट्य काढून प्रवेश वाचा. प्रवेश तसाच चालला, तर ते फक्त चेष्टेपुरतं होतं, काढा. प्रवेश मोडला, तर त्या वैशिष्ट्याचं काहीतरी काम होतं. मग काम ठेवा आणि वाहन बदला. बहिऱ्या आजोबांमुळे निरोप चुकत असेल, तर हवं तेवढंच ऐकणारे आजोबा करा. चूक तीच होते, आणि आता ती त्यांच्या स्वभावातून होते, म्हणजे आणखी मजबूत.

गड्याच्या बाबतीत बोली काढून त्याला प्रमाण मराठी देणं हा उपाय नव्हे. त्याने पात्र निर्जीव होतं. कथानक नीट पाहिलं तर घरातली सगळी गुपितं याच माणसाला माहीत असतात. बोली तीच ठेवा आणि हशाची दिशा बदला: त्याला कळलेलं मालकाला कळत नाही, यावर हसू येऊ द्या. पुष्कळदा त्यासाठी फक्त वाक्यानंतरचा पॉज मालकाच्या चेहऱ्यावर न्यावा लागतो.

साडी नेसलेल्या पुरुषाचंही असंच. अत्र्यांची 'मोरूची मावशी' १८९२ च्या इंग्रजी फार्सवरून आली. तिच्यातलं हसू आहे ते अडकलेल्या माणसाच्या तारांबळीत: पदर सांभाळायचा, आवाज सांभाळायचा, प्रेमात पडलेले म्हातारे टाळायचे. नट बायकांची नक्कल करायला लागला की हसू थिल्लर होतं. तो साडीशी झुंजत राहिला की टिकतं.

एक गोष्ट करू नका: आक्षेपार्ह वाक्य ठेवून दुसऱ्या पात्राकरवी त्याचा निषेध वदवणं. त्याने हशाही जातो आणि निषेधही कुणाला खरा वाटत नाही.

दारं, स्वगतं आणि अॅडिशन

फार्सला किमान तीन वाटा लागतात: बाहेरचं दार, आतली खोली, आणि लपण्याची एक जागा. दारं विंगेच्या बाजूला उघडणारी आणि बिजागरी मागच्या बाजूला असलेली करा, म्हणजे दार उघडताच नटाचा चेहरा दिसतो आणि फळी त्याला झाकत नाही. दार आपटायचं असेल तर चौकट मागून टेकू देऊन पक्की करा. हलणारी भिंत प्रेक्षकाला एकदा दिसली की त्यानंतरची सगळी भीती खोटी पडते.

स्वगत आणि जनान्तिक (रंगमंचावरच्या इतरांना ऐकू न गेल्यासारखं प्रेक्षकांकडे वळून टाकलेलं वाक्य) काढून टाकण्याची घाई नको. आजच्या प्रेक्षकाला थेट बोललेलं आवडतं. मात्र जनान्तिक पाच-सहा शब्दांत संपवा, त्या वेळी बाकीच्यांनी हालचाल थांबवावी, आणि ते म्हणणाऱ्या नटाने मान फिरवण्याआधी क्षणभर थांबावं. पानभर स्वगत असेल तर त्यातली माहिती काढून घ्या आणि उरलेल्या तीन ओळी ठेवा.

नटांच्या अॅडिशनसाठी, म्हणजे संहितेत नसलेल्या, नटाने स्वतः घातलेल्या वाक्यांसाठी, पहिल्या दिवशीच नियम लावा. नवं वाक्य तालमीत येईल, प्रयोगात अचानक नाही. ताज्या बातमीवरचं वाक्य सहा महिन्यांत शिळं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते प्रेक्षकाला पात्राच्या भीतीतून बाहेर काढून थेट नटाकडे बघायला लावतं.

प्रयोगात तपासणी

तालमी सुरू होण्याआधी वीसेक माणसांसमोर बसून वाचन करा. निम्मी तिशीच्या आतली, निम्मी साठीच्या पुढची. मध्यंतरात मत विचारू नका. "कोण कुणाला घाबरतंय ते सांगा," एवढंच विचारा. उत्तरं चुकली तर पहिला प्रवेश पुन्हा लिहा.

पहिल्या तीन प्रयोगांना सहायकाने संहिता घेऊन मागच्या रांगेत बसावं आणि खुणा कराव्यात: मोठा हशा, छोटा हशा, शांतता, चुळबुळ. एखादा हशा तिन्ही वेळा हुकला तर कारण या क्रमाने शोधा. पेरणीचं वाक्य ऐकू आलं होतं का? हशाच्या शब्दावर कुणी हललं का? पुढचा नट लवकर बोलला का? हशाचं वाक्य म्हणणारा स्वतःच हसत होता का? या चारही ठिकाणी काही सापडलं नाही तरच वाक्य बदला. वाक्याचा दोष सगळ्यात शेवटी निघतो. पहिल्या दोन कारणांतच बहुतेक प्रकरणं मिटतात.

भलत्या जागी हशा येत असेल तर तोही नोंदवा. गंभीर वाक्याला हसू आलं तर बहुधा त्याआधीचा आकडा, संबोधन किंवा कपडा जुनाट वाटलेला असतो.

प्रत्येक अंकाची वेळ रोज लिहा. दहाव्या प्रयोगापर्यंत अंक तीन मिनिटांहून जास्त लांबला असेल तर ती वाढ हशांची आहे की पॉज आणि अॅडिशनची, ते सहायकाच्या खुणांवरून कळतं. हशांची असेल तर राहू द्या. अॅडिशनची असेल तर सगळ्यांना एकत्र बसवून संहिता हातात घेऊन एक जलद तालीम करा: पॉज नाहीत, हालचाली नाहीत, फक्त छापलेले शब्द, शक्य तितक्या वेगाने. जादा वाक्यं तिथेच उघडी पडतात. त्यातली जी ठेवायची ठरतील ती संहितेत उतरवून परिनिरीक्षण मंडळाकडे दाखल करा, आणि त्या दिवसापासून प्रॉम्प्टरच्या हातात तीच प्रत द्या.